चरायचा पाट : गच्चीवरच्या एका संध्याकाळच्या नोंदी

१३ एप्रिल, रविवार

साइटवर गेली बावीस वर्षं रोजची डायरी लिहितोय. किती पोती सिमेंट उतरलं, किती बिगारी आले, स्लॅब कधी भरला. घरच्या कामाची डायरी लिहायची वेळ आजवर आली नव्हती. आज लेकीने काम दिलं आणि सोबत शेराही मारला, "बाबा, घरात तू सगळं अंदाजपंचे करतोस."

काम असं. ४ मे, रविवार, संध्याकाळी साडेसहा, आमच्या दादरच्या इमारतीची गच्ची. चुलत, आते, मामे अशी सगळी भावंडं, त्यांची पोरं, मोठी आत्या आणि आई. बावीस डोकी. दर मे महिन्यात जमतो. भेळ असते, आइस्क्रीम असतं, आणि थोरल्या वहिनी पूर्ण वेळ खाली स्वयंपाकघरात कांदा चिरत असतात. यंदा कुणीही ओट्यापाशी उभं राहायचं नाही असं ठरलं. त्यावर लेकीचा तोडगा म्हणजे ग्रेझिंग बोर्ड. मोठ्या फळीवर फळं, चीज, सुकामेवा, काहीतरी कुरकुरीत, दोन-तीन मुरंबे मांडायचे आणि ज्याने त्याने येता-जाता उचलायचं.

आईने विचारलं, ग्रेझिंग म्हणजे काय? चरणं, म्हटलं. "मग तुझा बाप दिवसभर डबे उघडत फिरतो, ते काय वेगळं असतं?" असं ती नातीला म्हणाली. कामाचं नाव तिथेच पडलं.

रात्री फोटो बघत बसलो. देखणे आहेत, पण सगळे थंड देशांतले. चीज म्हणे वाढायच्या आधी तासभर फ्रिजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायचं. कुठली खोली? त्यांची वीस अंशांची. आमची मे महिन्यात तेहतीसची, वर हवेत पाणी. दुधातली चरबी तेहतीसला जवळपास सगळी वितळलेली असते. म्हणजे त्यांचं चीज मऊ पडतं, आमच्या चीजला तेल सुटणार. लेक रंगसंगतीचा विचार करतेय. मला दिसतंय ते घड्याळ.

१६ एप्रिल, बुधवार

फळी कशाची? माळ्यावर आजीचा सागवानी पाट आहे, पितळी फुल्या ठोकलेला. दोन बाय दीड फूट, अगदी मापाचा. काढून पुसायला घेतला तर आई म्हणाली, "बसायच्या पाटावर अन्न मांडतात का रे?" पाट परत माळ्यावर गेला.

मग डोक्यात आलं की दगड घ्यावा. दगड गार केला की गारवा धरून ठेवतो. घरच्या ओट्याचा कडप्पा डोळ्यांसमोर होताच, पण त्यावर लिंबाचे पांढरे डाग आहेत. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट लागलं की खाल्ला जातो. संगमरवराचं तेच. आणि या पाटावर कैरी असणार, रातांबे असणार. ग्रॅनाइटला आंबटाचं काही होत नाही. साइटवर काळ्या ग्रॅनाइटचे कटपीस पडून होते. एक फूट बाय एक फूट, १८ मिलिमीटर जाडीचे दोन तुकडे कडा घासून घेतले. एकेक साडेचार-पाच किलोचा. एकच दोन फुटी तुकडा घेणार होतो, पण तो फ्रिजमध्ये मावला नसता आणि वर चढवताना माझी पाठ गेली असती.

१९ एप्रिल, शनिवार

पहिली चाचणी. दोन्ही दगड रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले होते. दुपारी चारला जेवणाच्या टेबलावर काढले. खोली ३३ अंश, दगड ६ अंश. मोजायला लेकीचा केकचा थर्मामीटर.

पहिला दगड तसाच ठेवला. पाच मिनिटांत त्याला घाम फुटला. दहा मिनिटांत नुसता घाम नाही, थेंब ओघळायला लागले. त्यावर ठेवलेली खारी दहाव्या मिनिटाला ओल्या पुठ्ठ्यासारखी झाली. गूडा चीजचे तुकडे खालून बुळबुळीत. अर्ध्या तासाने दगड २२ अंश, आणि टेबलक्लॉथवर एवढं पाणी की बायकोने विचारलं, फ्रिज गळतोय का?

यात नवल काही नाही, मीच विसरलो होतो. या दिवसांत मुंबईच्या हवेत इतकी वाफ असते की २४-२५ अंशांच्या खाली गार केलेली कुठलीही वस्तू ओली होणारच. स्टीलचा पेला, पाण्याची बाटली, एसीसमोरची काच, सगळं तसंच. दगडाला वेगळा न्याय कसा मिळेल? आणि हे हवेतलं पाणी दगडावर बसताना आपली उष्णताही दगडाला देऊन जातं. म्हणजे घाम फुटतो तो दगड गार असल्यामुळे, आणि दगड लवकर तापतो तो या घामामुळे.

दुसऱ्या दगडाखाली चौपदरी टॉवेल घातला आणि वर केळीचं पान, मंद आचेवर शेकून मऊ केलेलं. पंखा बंद. पानावरही दव आलं, पण केळीच्या पानाचं एक बरं असतं. पाणी त्यावर पसरत नाही, त्याचा मणी होतो आणि पान जरा तिरकं केलं की घरंगळतो. चीजच्या तळाला ओल कमी लागली. पस्तीस मिनिटांनी दगड २० अंश.

तेव्हा हे ठरलं: एका दगडाला अर्धा तास. चीज एकदम मांडायचं नाही, तीन खेपांत आणायचं. कुरकुरीत पदार्थ दगडाच्या जवळपासही नकोत. ते झाकणाच्या स्टीलच्या डब्यात राहतील आणि ज्याने त्याने झाकण पुन्हा लावायचं. लेकीचं तोंड उतरलं, "डबा फोटोत कसा दिसेल?" म्हटलं, खारी मऊ पडल्यावर कशी दिसते ते आत्ताच पाहिलंस.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नियम आहे, तोही इथे लिहून ठेवतो. नासणारं अन्न बाहेर दोन तास चालतं, पण हवा ३२ अंशांच्या वर गेली की एकच तास. आमच्या गच्चीला एक तासवाला नियम लागू.

२० एप्रिल, रविवार

निव्वळ विकतची चीज मांडायची तर त्यात आपलं काय? ऑफिसातले पारशी सहकारी टोपली नू पनीरबद्दल नेहमी बोलतात. बांबूच्या छोट्या टोपलीत जमवलेलं, टोपलीची वीण अंगावर उमटलेलं, खारट निवळीत तरंगणारं मऊ पनीर. त्यांच्याकडून रीत विचारून घेतली. यात लिंबू नाही, व्हिनेगर नाही. लिंबाने दूध फाटतं, रेनेटने, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणाऱ्या एंझाइमने, ते जमतं, एखाद्या मऊ वडीसारखं. बुरशीपासून केलेलं शाकाहारी रेनेट आणलं.

एक लिटर फुल क्रीम दूध. पातेल्यात ३७ अंशांना आणलं, म्हणजे विरजण लावताना बोटाला लागतं तेवढं कोमट. रेनेट पाण्यात विरघळवून घातलं, एकदा हलवलं, झाकलं. चाळीस मिनिटांनी बघितलं तर दूध. तासाने दूध. दोन तासांनीही दूधच.

मग आई दुपारची झोप काढून आली. "ते पातेल्यातलं का? मी सकाळीच तापवून ठेवलं होतं. साय काढली वरची."

यात तिची चूक काढणार कोण? साठ वर्षं या घरात आलेलं दूध तापल्याशिवाय फ्रिजमध्ये गेलेलं नाही. पण दूध उकळलं की त्यातल्या निवळीतली प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, जाऊन चिकटतात आणि मग रेनेटला धरायला जागाच उरत नाही. टेट्रापॅकचं दूधही याच कारणाने जमत नाही, ते तर १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं. लिंबू पिळून त्या दुधाचं साधं पनीर केलं. रात्री भुर्जी.

२२ एप्रिल, मंगळवार

टोपल्या आणल्या. संक्रांतीच्या वाणाला मिळतात त्या, तळहाताएवढ्या, एका दुकानात उरल्यासुरल्या होत्या. घरी येऊन उकळत्या पाण्यात टाकल्या तर पाणी गुलाबी झालं आणि वर सोनेरी तवंग आला. रंगवलेल्या होत्या, हे मला दुकानात दिसत नव्हतं असं नाही. रंग पक्का असेल असं वाटलं होतं. सगळ्या फेकल्या. बाजारात एका बुरुडाकडे बिनरंगाच्या सहा सांगितल्या. शनिवारी देतो म्हणाला.

२६ एप्रिल, शनिवार

क्रॉफर्ड मार्केट. नाव महात्मा जोतिबा फुले मंडई झालं त्याला किती वर्षं झाली, पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्डच सांगावं लागतं. इमारत १८६९ची, विल्यम एमर्सनचं डिझाइन, दारावरची शिल्पं लॉकवूड किपलिंगची. धंदा बांधकामाचा असल्यामुळे मी फळांआधी दगड बघतो. कुर्ल्याचा पिवळट दगड, त्यात वसईचा तांबडा. खालच्या फरशीसाठी दगड स्कॉटलंडमधल्या केथनेसहून आणला होता. फळाभाजीच्या बाजाराला थेट स्कॉटलंडचा दगड! माझ्या दोन कटपीसांचं ओझं जरा हलकं वाटलं.

चीज घेतलं. माणशी साठ ग्रॅम धरून तेराशे ग्रॅम. निवडताना चव दुसरी, आधी उन्हात टिकणं. जितकं मुरलेलं आणि कोरडं, तितकं जास्त वेळ उभं राहतं. म्हणून मुरलेलं चेडार आणि गूडा जास्त, अंजिराबरोबर लागेल तेवढंच निळ्या बुरशीचं, आणि लेकीच्या हट्टापायी एक छोटं ब्री, पांढऱ्या सालीचं मऊ चीज. पोरांसाठी अमूलचे क्यूब.

दुकानदाराने ब्रीकडे बोट दाखवून विचारलं, घर कुठे? दादर म्हटल्यावर त्याने न विचारता बर्फाची पिशवी बांधून दिली.

फळांच्या बाजूला पुरंदरचे अंजीर दिसले. आज घेऊन उपयोग नाही, अंजीर दोन दिवससुद्धा थांबत नाही. डहाणू-घोलवडचे चिकू मात्र कडक बघून घेतले. घरी ठेवले की हळूहळू पिकतील.

२७ एप्रिल, रविवार

पनीर, दुसरा प्रयत्न. तबेल्यातलं म्हशीचं दूध. ७२ अंशांपर्यंत नेलं, अर्धा मिनिट धरलं आणि पातेलं लगेच थंड पाण्याच्या परातीत बसवलं. आई शेजारी उभी राहून बघत होती. "उकळी नाही? पोटं बिघडवशील लोकांची." तिला सांगितलं की पिशवीचं दूध डेअरीत एवढंच तापवतात. पटलं नाही, पण हात लावला नाही.

३७ अंश, रेनेट, झाकण. पस्तीस मिनिटांनी सुरी तिरकी घालून उचलली तर दूध तुटलं. अगदी स्वच्छ चीर पडली आणि चिरेत हिरवट निवळी भरली. घरात मीच एकटा ओरडलो. पळीने हलक्या हाताने टोपल्यांत भरलं. तासाने उलटवलं, आणखी एका तासाने निवळीत मीठ घालून त्यात सोडलं. सहा टोपल्या झाल्या. अंगावर बांबूची वीण इतकी नीट उमटली होती की आईने चष्मा लावून पाहिलं. चव विचारली तर म्हणाली, "खरवसासारखं लागतं, पण साखर विसरलास."

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

देवगडच्या ओळखीच्या बागायतदाराकडून आलेली पाच डझनांची पेटी पलंगाखाली आढीत आहे. पेंढ्यात, एकावर एक न ठेवता. दिवसाआड हात फिरवून, देठाशी वास घेऊन तयार झालेली फळं वर आणतो. आज देवाला पहिला आंबा आणि जेवायला रस.

चार कापले. चौथ्यात साका निघाला. बाहेरून निर्दोष, वास फर्मास, पण आत बाठ्याला लागून फिकट, पोकळ, स्पंजासारखं आणि आंबूस. वरून कुणालाही ओळखता येत नाही, जन्म कोकणात गेलेल्यालाही नाही. एक कारण असं सांगतात की फळ झाडावर असतानाच आतल्या कोयीला रुजायची घाई होते आणि ती भोवतालच्या गरातलं ओढून घेते. जमिनीची धग हे आणखी एक. त्यामुळेच बागायतदार फळ पूर्ण तयार व्हायची वाट न बघता चौदा आण्यांवर उतरवतात.

पाटाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हापूस अख्खा किंवा नुसता अर्धा करून मांडायचा नाही. आधी कापून, बघून, मग फोडी. आणि चारात एक वाया जाईल असं धरून डझन जास्त.

१ मे, गुरुवार

सुट्टी. रंगीत तालीम, आणि ही खरोखरच रंगाची. लेक मुकादम, मी बिगारी.

तिचं म्हणणं बरोबर निघालं हे कबूल करायला हवं. मी आपलं चवीच्या जोड्या लावून मांडत होतो. चेडारशेजारी हापूस ठेवला. दोन्ही केशरी-पिवळे, हातभर लांबून एकच ढीग दिसतो, पोरं चीज समजून आंबा उचलतील. आपल्या उन्हाळ्याची गंमतच ही आहे की आंबा, फणस, खरबूज, चीज सगळं पिवळ्यात मोडतं. जांभळं असती तर प्रश्न सुटला असता, पण ती मेअखेरीशिवाय नाहीत. तिने उपाय काढला: दर दोन पिवळ्यांमध्ये एक काळं किंवा एक हिरवं. काळ्यासाठी करवंदं. हिरव्यासाठी कैरीचे पातळ काप आणि हंगाम संपता संपता मिळालेली द्राक्षं. गुलाबी जाम उभे चिरून, आतलं पांढरं दिसेल असे. कलिंगडाचे तुकडे वेगळ्या जाळीवर, खाली ताट, कारण त्याचं पाणी सगळ्या पाटाला लागतं. ताडगोळे शेवटच्या क्षणी सोलायचे आणि काळ्या दगडावर थेट ठेवायचे. काळ्यावर ते गारेसारखे दिसतात. पाण्याचा थेंब त्यांच्यावर शोभतो, तिथे ओल चालते.

जोड्या मात्र माझ्या राहिल्या. मेथांबा चेडारबरोबर इतका जुळतो की मेथांब्याची बरणी याच कामासाठी थांबली होती असं वाटलं. गोड, आंबट, कडवट, तिखट सगळं एका बोटात. गूडाला वसईची सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, चिवट, मधासारखी, आणि खजूर-जर्दाळू विकत आणायचे वाचले. निळ्याला अंजीर. टोपलीच्या पनीरला साखरांबा. चक्का बांधला होता, त्यात आंबा घालायची सगळ्यांची सूचना आली. घातला की ते आम्रखंड, मग पुरीच आणा. माझ्या चक्क्यात मीठ, भाजलेलं जिरं, ठेचलेली हिरवी मिरची. कुरकुरीत म्हणून खारी आणि सोलापूरची कडक भाकरी. भाकरी हवेला खारीपेक्षा दुप्पट वेळ दाद देत नाही, मोजून पाहिलं.

ब्री पंचवीस मिनिटांत आपल्या सालीतून निघून पानावर चालायला लागलं. बाद. आम्ही तिघांनी जागीच संपवलं. अमूलच्या क्यूबला तासाभरात काहीही झालं नाही. वितळवून, क्षार घालून, पुन्हा घट्ट केलेलं असल्यामुळे त्यातली चरबी बाहेर येत नाही. चारशे रुपयांच्या चीजला जे जमलं नाही ते क्यूबला जमलं. इथे लिहून ठेवतो, आत्याला सांगणार नाही.

३ मे, शनिवार

धावपळ. अंजीर, करवंदं, जाम आणले. ताडगोळे उद्या दुपारी, आजचे उद्या आंबतात. कापा फणस, हाताला खोबरेल लावून गरे काढले, तरी कोपरापर्यंत चीक. सावंतवाडीहून येणाऱ्या मामेभावाने टोपलीभर रातांबे आणले, लालभडक. रात्री पनीरची नवी खेप, या वेळी दोन लिटर.

अमेरिकेतून आलेला धाकटा चुलतभाऊ इटालियन परमेसान चीजचा मोठा त्रिकोण घेऊन हजर झाला. आनंद झाला, आणि मग आत्या आठवली. आत्या अंड्याचा केक बनतो त्या बेकरीचा पावही खात नाही. परमेसानच्या नियमावलीतच वासराच्या जठरातलं रेनेट वापरायची अट आहे. आपल्याकडच्या पाकिटांवर हिरवा ठिपका असतो तसा यावर नाही. भावाला हे ठाऊक नव्हतं. परमेसान वेगळ्या ताटलीत, वेगळी सुरी, वेगळं टेबल. आत्याला आधीच सांगायचं, नंतर कळण्यापेक्षा.

४ मे, रविवार

साडेचार. टेबल गच्चीच्या पश्चिमेच्या भिंतीच्या सावलीत लावलं. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. चाळीत जाळीच्या कपाटाला असंच असायचं. मुंग्या गच्चीवर आपल्याआधी राहायला आलेल्या असतात.

सहा. गच्चीवर ३१ अंश, वारा बरा. फळं, मुरंबे, चक्का वर. लिफ्ट नाही, पाच मजले. भाचे कामाला लावले, प्रत्येकाला एक ताट, वर ओलं फडकं.

पावणेसात. पहिला दगड, पान, चीज. एक पनीरची टोपली सगळ्यांसमोर उपडी केली. थरथरलं पण मोडलं नाही. वीण बघून थोरल्या वहिनी म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत, भावोजी?" त्यांच्या हातात या वर्षी सुरी नव्हती. काय करावं हे न कळून पहिली दहा मिनिटं त्या टेबलावरची करवंदं सारखी करत होत्या. मग भाकरीवर चक्का घेऊन टाकीपाशी जाऊन बसल्या, त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

सात. सूर्य गेला. एका कावळ्याने टाकीवरून येऊन खारीचा तुकडा उचलला. डब्याचं झाकण कुणी उघडं ठेवलं याची चौकशी अजून चालू आहे.

सव्वासातला दुसरा दगड आणायचा होता. मी नळाच्या गळतीबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलत अडकलो. लक्षात आलं तेव्हा साडेसात. गूडाच्या कडा चकाकायला लागल्या होत्या, म्हणजे तेल सुटायला सुरुवात. पहिली खेप तशी संपतच आली होती. निळ्याचा मऊ भाग मात्र कुणी खायच्या आत उचलून बाजूला केला. डायरी लिहायची, तर फोनवर गजर लावायला काय झालं होतं? तिसऱ्या खेपेला लावला.

आत्याला परमेसानचं सांगितलं. तिने लांबूनच ताटलीकडे पाहिलं, "वासराचं? मग नको." आणि मेथांबा लावलेलं चेडार तिसऱ्यांदा घेतलं. तिच्यासाठी पाकीट खिशात ठेवलं होतं, हिरवा ठिपका दाखवायला. तिने मागितलं नाही.

चोवीस हापूस कापले, पाच साक्याचे. फोडी पाटावर गेल्या आणि बाठे एका पातेल्यात खाली ओट्यावर राहिले. पावणेनऊला वर माणसं कमी दिसायला लागली म्हणून खाली आलो. स्वयंपाकघरात सिंकभोवती सात जण, कोपरांवरून रस ओघळतोय, अमेरिकेचा भाऊ बाह्या दुमडून तिसऱ्या बाठ्यावर. ग्रॅनाइट, केळीचं पान, खेपांचं वेळापत्रक सगळं वर एकटं होतं.

मीही एक बाठा घेतला.

६ मे, मंगळवार

हिशोब. चीज चारशे ग्रॅम उरलं, म्हणजे माणशी चाळीसच लागलं. आपल्याकडे पुढच्या वेळी तेवढंच धरावं. फळं सगळी संपली, फक्त खरबूज उरलं. मेथांब्याची बरणी रिकामी. परमेसान जवळपास आहे तसं आहे, भाऊ म्हणतो परत नेत नाही. कैरीचे काप आणि क्यूब ही जोडी पोरांनी आपली आपण शोधली, वर तिखट-मीठ. मला सुचली नव्हती.

पनीरची निवळी तीन दिवस फ्रिजमध्ये आहे. आई त्यात कणीक भिजवतेय, मीठ वेगळं घालत नाही. पोळ्या मऊ होतात म्हणते.

एक दगड साइटवर परत नेला. दुसरा न्यायला आज ओट्यावरून उचलायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे तो. लसूण ठेचायला बरा पडतो."